फिटरकाकांची आमंत्रणं

"बाबा, पासवर्डला निदान आठ अक्षरं हवीत. त्यात एक आकडा आणि एक चिन्ह."

"चिन्ह कशाला? मी काय निवडणुकीला उभा आहे?"

सुनेने हसू गिळलं आणि फोन स्वतःकडे ओढला. सकाळचे सात वाजले होते, साडेसातला तिला शाळेत शिकवायला निघायचं होतं, आणि सासऱ्यांच्या फोनवर कचेरीची मेल आणि कॅलेंडर आजच्या आज चढवायचं होतं. सासरे, म्हणजे ज्यांना सगळी कचेरी फिटरकाका म्हणत असे ते, समोर चष्मा पुसत बसले होते. नकाशे छापणाऱ्या त्या चार मजली कचेरीतले नळ, पंखे, बिजागऱ्या, गच्चीवरच्या टाक्या आणि तळघरातला पंप गेली एकतीस वर्षं त्यांच्या अंगावर होते. काम निघालं की जिन्यातून कोणीतरी हाक मारायचं आणि काका हजर व्हायचे. नव्या मोठ्या मॅडमना हाका पसंत नव्हत्या. बोलावणं फोनवर येईल, आणि ज्यांच्यापर्यंत ते पोचणार नाही त्यांचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल, असं परिपत्रक त्यांनी काढलं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले असताना गोदामात स्टुलावर नुसतं बसून राहायचं, या कल्पनेने काकांच्या तोंडची चव गेली होती.

"जोडणी झाली नाही म्हणतंय," सून म्हणाली.

"वायसर बदलून बघ."

"बाबा, हा नळ नाही."

"मग पत्ता नीट बघ. निम्म्या बिघाडांत बिघाड नसतोच, आपण भलतीकडे हात घातलेला असतो."

तिने कचेरीतून आलेला कागद पुन्हा वाचला. पत्त्यात एक टिंब राहिलं होतं. ते घातल्याबरोबर फोन ताळ्यावर आला, आणि एकापाठोपाठ एक आमंत्रणं येऊन पडू लागली. अकरा झाली तेव्हा कुठे तो गप्प बसला.

"बैठकीला बोलावलं की इथे दिसणार. खाली तीन बटणं आहेत. येतो, येत नाही, कदाचित. दाबलं की त्यांना तिकडे कळतं." एवढं सांगून ती पर्स घेऊन पळाली. यातली बरीचशी आमंत्रणं सरसकट सगळ्यांना जातात आणि ती कोणी मनावर घेत नाही, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

काकांनी आमंत्रणं एकेक करून वाचली. कोणी बोलावलं आणि आपण गेलो नाही, असं त्यांच्या आयुष्यात घडलेलं नव्हतं. 'येत नाही' म्हणणं उद्धटपणाचं. 'कदाचित' तर त्याहून वाईट, समोरच्याला ताटकळत ठेवणं. त्यांनी अकराच्या अकरा ठिकाणी 'येतो' दाबलं, हत्यारांची पेटी उचलली आणि निघाले.

पहिली बैठक दुसऱ्या मजल्यावर, रंगांच्या छटा ठरवण्याची. काका वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचले, मागच्या खुर्चीवर बसले आणि काय बिघडलंय ते शोधू लागले. कोणी सांगेना. शेवटी त्यांचं त्यांनाच दिसलं. वाऱ्याने खिडकी आपटली की नकाशा काढणारे सगळे एकदम दचकत होते. काकांनी खिडकीची कडी बसवली, "येतो," म्हणाले आणि पुढच्या बैठकीला गेले. कागदखरेदीच्या बैठकीत पंख्याची कुरकुर थांबवली. महिला कर्मचाऱ्यांच्या तक्रार समितीत मात्र ते दारात जरा अडखळले.

"काका, तुमची काय तक्रार?" आवकजावक सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं.

"तुमच्या दाराची. खाली घासतंय. कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"मग हीच तक्रार आधी घ्या," असं म्हणून काका रंधा काढून खाली बसले. समितीचं बाकी कामकाज त्या दिवशी रंध्याच्या आवाजात, पण हसतखेळत पार पडलं.

आठवडाभरात सगळ्या कचेरीला याची चटक लागली. विषय काहीही असो, लोक काकांना बोलावू लागले, आणि काका सगळीकडे 'येतो' दाबू लागले. रोज संध्याकाळी सुनेला सांगायचे, "अगं, एकतीस वर्षं मी बाहेर जिन्यात उभा राहिलो. आता मला खुर्ची देतात." ती बिचारी खरं काय ते सांगायला तोंड उघडायची आणि मिटायची.

गुरुवारी तीन वाजता मॅडमच्या खोलीत बैठक होती. विषय, 'देखभाल: पुढील व्यवस्था'. आवकबाईंनी आमंत्रण पाठवताना विभागाच्या रकान्यात 'देखभाल' निवडलं होतं, आणि त्या विभागात काकांखेरीज दुसरं कोणी नव्हतंच. काका पेटी घेऊन आले. खोलीत मॅडम, आवकबाई आणि बाहेरच्या कंपनीचा, चकचकीत बूट घातलेला एक माणूस होता. काकांना पाहताच आवकबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्ही कसे?" मॅडमनी विचारलं.

"बोलावलंय म्हणून आलो. काय बिघडलंय?"

पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फिटरचं पद रद्द, काम कंपनीकडे'. काकांनी ते वाचलं. मग चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. त्यांना वाईट वाटलं, भयंकर वाईट वाटलं. पण उठून जाणं त्यांना जमेना, कारण 'येतो' म्हटलं होतं.

"काका, फोन तुम्ही शिकलात, हे मला माहीत आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण हा वरून आलेला विषय आहे."

"असू दे. कामाची यादी केलीय का?"

बुटवाल्याने कागद पुढे केला. वर्षाची चौदा कामं. काकांनी बोट फिरवत वाचलं.

"कागदाच्या गोदामावरून जाणारा नळ यात नाही. दर मंगळवारी हात फिरवून बघावा लागतो, जोडाची कड कापते. ओल आली की नकाशे फुगतात. छापखान्यातली वरची झडप अर्धीच उघडायची, पूर्ण उघडली तर तळघरात पाणी. पंप थंडीत आधी पाच मिनिटं रिकामा फिरवायचा. लिहून घेताय ना?"

बुटवाला लिहू लागला. मग आवकबाई लिहू लागल्या. पाऊण तासाने मॅडमनी स्वतःच पेन उचललं. एकशेतेवीस कामं झाली तेव्हा बुटवाल्याने घड्याळ पाहिलं आणि एवढ्याचा करार आपल्याला परवडणार नाही, असं पडेल आवाजात सांगून टाकलं.

"हे सगळं लिहिलेलं कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"लिहिलेलं नाही. करत होतो."

मॅडमनी यादीची पानं उलटून पाहिली. मग पडद्यावरचा मजकूर बंद करून म्हणाल्या, "आठ महिने पद राहील, वर मी बोलते. तुम्ही एवढं करा. हे सगळं कॅलेंडरवर चढवा."

रविवारी सकाळी काका स्वयंपाकघरात फोन घेऊन बसले. सून शेजारी बसून दाखवत होती. एक काम लिहायचं, वार निवडायचा, 'दर आठवड्याला' दाबायचं. दुपारपर्यंत काकांचा अंगठा तयार झाला. पुढचे आठ महिने भरले, त्यांच्या निवृत्तीचा दिवसही भरला. त्या दिवशी मंगळवार होता, म्हणून गोदामाचा नळ आला.

"बाबा, कधीपर्यंत, असं विचारतंय," सून म्हणाली. "तुमचा शेवटचा दिवस घालू?"

"नळ काय माझ्याबरोबर निवृत्त होणार आहे? 'कायम' आहे ना तिथे, ते दाब."

तिने दाबलं. पुढच्या वर्षाचे, त्याच्या पुढच्या वर्षाचे मंगळवार पटापट भरत गेले. शेवटी फोनने विचारलं, कोणाला बोलवायचं. काकांनी फोन जवळ घेतला, एकेक अक्षर शोधत, अंगठ्याने सावकाश लिहिलं, 'जो असेल तो'. मग खाली भर घातली, 'छापखान्यातली झडप अर्धीच उघडावी. हात सांभाळावा.'