दार धरून बसलेली

"मागं सरा! ती दाराला पाठ लावून उभी आहे!" वाराबाबा गरजले, तशा शिलाईखात्यातल्या वीस बायका एकमेकींना बिलगल्या. दोघींनी खांदा लावून दार बाहेर ढकललं. ते बोटभर उघडलं, फटीतून शीळ घुमली आणि पुन्हा धाडकन मिटलं. बाबांनी डोळे गरगरा फिरवले. "वायुम्, महावायुम्, अतिमहावायुम्!" भिंतीतला मोठा पंखा घरघरत थांबला आणि दार अलगद उघडलं.

"पंखासुद्धा घाबरला गं!" कुणीतरी पुटपुटली.

बटणांची काजं करणाऱ्या काजेवालीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिच्या मांडीवर तिची धाकटी जाऊ निपचित पडली होती. महिन्यापूर्वी मालकानं खिडक्यांना खिळे ठोकले. कापडावर धूळ नको म्हणून. त्याच आठवड्यात हा पंखा बसला, आणि बायकांची डोकी ठणकू लागली. मग मुकादमानं बाबांना आणलं. इथंच मेलेली एक शिंपीण सगळ्यांना झपाटते आहे, असं बाबांनी सांगितलं आणि भिंतीच्या उरल्यासुरल्या झरोक्यांवर मंतरलेले कागद चिकटवले. तेव्हापासून दारही अडू लागलं. "सुट्टीआधी जी बाहेर पडेल, तिच्यामागून ती घरी येईल. लेकराबाळांत!" या एका वाक्यानं सगळ्यांची तोंडं शिवली गेली.

संध्याकाळी काजेवालीनं जावेला दवाखान्यात नेलं.

"सगळ्यांनाच होतं? घरी गेल्यावर उतरतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "खोलीत काही जळतं का?"

"इस्त्रीच्या वाफेचा बंब आहे, गॅसवरचा. पण त्याचा धूर धुराड्यातून वर जातो."

"जातो, की जायला हवा?" डॉक्टरबाई गंभीर झाल्या. "त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपल्यासारखं जातं. हिला मी ठेवून घेते. तुम्ही बंब बंद करायला लावा."

सकाळी तिनं मुकादमाला सांगितलं. तो हसला. "डॉक्टरला भुतातलं काय कळतं? चल, आत हो."

दार मिटलं. पंखा सुरू झाला. तासाभरात काजेवालीच्या कानशिलांत घण पडू लागले. पळून जावं, तर मागं अठराजणी राहणार होत्या. ती उठली, बंबापाशी गेली आणि धुराड्याखालच्या फटीशी तिनं अस्तराची एक हलकी चिंधी धरली. चिंधी वर ओढली जायला हवी होती. ती फडफडत तिच्याच तोंडावर आली. आणि गरम, कोंदट झोत.

तिनं पंख्याकडे पाहिलं. पंखा हवा बाहेर फेकतोय, पण आत यायला वाटच नाही. मग खोली धुराड्यातूनच श्वास घेतेय, धुरासकट! आणि तीच ओढ दारही घट्ट धरून ठेवतेय.

तिनं स्टुलावर चढून पहिला कागद टरकावला.

"अगं, ती मागं येईल!"

"येऊ दे माझ्यामागं. कात्री दे आधी."

एकीनं कात्री दिली. दुसरी दुसऱ्या झरोक्याशी धावली. थंड वारा भसाभसा आत शिरला. काजेवालीनं पुन्हा चिंधी धरली. ती सरळ धुराड्यात वर खेचली गेली. तिनं बंबाची चावी बंद केली आणि एका हातानं दार ढकललं.

दार उघडलं. पंखा अजून चालूच होता. बाहेर बाबा हात वर करून तयारीत उभे होते, आणि मुकादमाचा हात पंख्याच्या बटणावर होता.

"मीच... मीच तिला सोडलं," बाबा चाचरले.

"मग आता झरोके उघडे असताना तिला पुन्हा दार धरायला लावा!" कापड बेतणारी म्हातारी कडाडली. बाबांनी झोळी उचलली.

खिडक्या उघडल्याशिवाय एकही बाई यंत्रावर बसली नाही. जाऊ वाचली. पण कित्येक महिने तिला स्वतःच्या मुलीचं नाव आठवायला वेळ लागायचा.

नव्या बाईला काजेवाली आजही सांगते, "इथं डोकं दुखलं तर आधी बाहेर जायचं, कुणाला न विचारता. मग हवा कुठून येते अन् कुठं जाते ते बघायचं. मेलेल्या शिंपिणीनं आमचं काही केलं नाही, बिचारीनं. आम्ही विचारलं नाही म्हणून आम्ही मरत होतो. तू विचार."