घंटेच्या तोंडातला भात

"आता बोला. घंटेच्या तोंडात भात कुणी कोंबला? मांजरानं?"

"मला काय विचारतेस? मी झोपलो होतो."

"झोपला होता. मग हाताला शिळ्या भाताचा वास कसा येतोय?"

"संध्याकाळी जेवलो त्याचा आसंल."

"संध्याकाळी तुमी अर्धी भाकर खाल्ली. भाताला हात लावला नाय. आत्याबाय, तुमीच सांगा."

भांडत होती जिजा, तिच्या नवऱ्याशी, पोशाशी. आत्याबाय म्हंजे पोशाची आई, गोदूबाई. ती चुलीपुढं बसून चहा गाळत होती. म्हणाली, "मला यात घेऊ नका. मला रात्रीचं ऐकू येत नाय." तिला सगळं ऐकू येतं.

मित्रांनो, ज्या घंटेवरनं हे भांडण चाललं होतं ती मी. मी एक जुनी पितळेची घंटा हाय, बैलाच्या गळ्यातली. पण त्या सकाळी मी स्वयंपाकघरात शिंक्याला बांधलेली होते. शिंकं म्हंजे वाशाला टांगलेली दोरीची झोळी, उरलेलं अन्न मांजराला मिळू नये म्हणून. माझ्या तोंडात भाताचा गोळा गच्च बसलेला, आन् त्याला लागलेल्या लाल मुंग्या दोरीवरनं रांगेनं खाली उतरत होत्या. मुंग्या आल्या नसत्या तर जिजाला काय कळलं नसतं. आन् मी गप्प राहणारी नव्हं. कुणी माझं तोंड बंद केलं की मला लय राग येतो. पण आतला लोळा हललाच नाय तर मी ओरडणार कशी?

हे सगळं कसं झालं ते पयल्यापास्नं सांगते.

मला घाटावरच्या एका ओताऱ्यानं ओतली. मातीच्या साच्यातनं बाहेर काढून त्यानं मला एकदाच वाजवली, आन् त्याच्या म्हातारीनं सुपारी कातरता कातरता मान वर केली. तेवढंच कौतुक. मग मी खोपोलीच्या बाजारात आले. तिथं पोशाच्या बापानं मला घेतली. पोशा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. घर पळसदरीच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळाखाली. भाताची खाचरं, एक गोठा, आन् गोठ्यात वाघ्या नावाचा खोंड. मला त्या वाघ्याच्या गळ्यात बांधली.

वाघ्या शर्यतीचा बैल झाला. बैल एकच होता, म्हणून कुंभिवलीच्या धाकलूशेटचा एक बैल आन् आमचा वाघ्या अशी जोडी लागायची. गाडी पोशा हाकायचा. छकड्याच्या दांडीवर तो उकिडवा बसायचा, अंगात फक्त बनियन, वजन असं की बैलाला कळायचं पण नाय मागं कोण बसलंय. पोशानं वाघ्याला कधी टोचणी लावली नाय. जिभेनं टक् टक् करायचा, बास. शर्यतीच्या येळेला मला गळ्यातनं काढायचे आन् जिजा मला हातात धरून बांधावर उभी राहायची. जोडी जिंकली की ती मला अशी हलवायची की माझंच डोकं गरगरायचं.

शर्यतीच्या बैलाला रात्री एकदा उठून खायला घालावं लागतं. भिजवलेली पेंड, हिरवा चारा, मग पाणी. पोशाला कुणी उठवायला लागायचं नाय. घाटात गाडी मागून ढकलत नेणारी इंजिनं परत खाली येताना घरावरनं शिट्टी द्यायची, रात्री दोनच्या सुमाराला. शिट्टी झाली की पोशा उठायचा. वाघ्या मान हलवायचा, मी वाजायची. सात वर्षं एकही रात्र चुकली नाय. पावसात नाय, लग्नाच्या रात्री पण नाय. त्यावरनं जिजा अजून त्याला टोमणे मारते.

चौऱ्याहत्तर साली लावणी संपली आन् वाघ्याला बांधावर पान लागलं. साप चावला असं आमच्याकडं म्हणत नाय, पान लागलं म्हणतात. संध्याकाळपर्यंत वाघ्या गेला. पोशानं मला त्याच्या गळ्यातनं काढली, गोठ्याच्या खुंटीला अडकवली आन् पाठ फिरवली. कुणी मला पुसली नाय. वर्षभरात मी हिरवी पडले, माझ्यात कोळ्यानं घर केलं. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

त्याच वर्षात पोशा फुगला. आधी गाल आले, मग पोट, मग बनियन बरगडीवर अडकायला लागलं.

पुढल्या साली दिवाळी झाल्यावर धाकलूशेटनं नवी जोडी घेतली आन् पोशाला बोलावलं. पोशा गेला तो नाचतच गेला. शेटनं त्याला वरनं खाली बघितलं आन् खालापूरला भाताच्या गिरणीत नेलं, पोती मोजायच्या काट्यावर उभा केला. अडुसष्ट किलो. गिरणीतले हमाल हसले. एक म्हणाला, "शेट, याला शिवून टाका, एक पोतं वाढंल."

धाकलूशेट हसला नाय. म्हणाला, "पोशा, बैल कवळे हायेत. चैताच्या जत्रेला अठ्ठावनाच्या वर काटा गेला तर गाडीवर दुसरा बसंल. मग माझ्यावर रुसू नको."

पोशा घरी आला. त्याच रात्री त्यानं अर्धीच भाकर खाल्ली. गाडी हाकणं ही त्याची एकच गोष्ट होती जिच्यात त्याला लोक नावानं ओळखायचे. ती गेली तर तो खाचरातला एक माणूस, बास. जिजाला ते माहीत होतं.

पण महिना झाला तरी वजन उतरेना. आन् शिंक्यातलं अन्न उतरत होतं. चार भाकऱ्या ठेवल्या की सकाळी एक. सुकटाची चटणी गायब. विचारलं की पोशा म्हणायचा, मांजर. जिजा म्हणाली, "तुमचं मांजर चटणीबरोबर कांदा पण खातं वाटतं."

मग ती गोठ्यात आली. मला खुंटीवरनं काढलं, कोळ्याचं घर झाडलं, चिंच आन् राख लावून घासलं. मित्रांनो, त्या घासण्याचे मी उपकार मानते. वर्षभरानं माझ्या अंगाला हात लागला होता. मग तिनं मला शिंक्याच्या बुडाला बांधली.

पयल्याच रात्री मी अशी वाजले की कुत्री भुंकली. पोशा भाकर हातात घेऊन उभा. जिजा म्हणाली, "या मांजराला मिश्या हायेत." मला वाटलं मी लय मोठं काम केलं. तीनदा पकडला त्याला. प्रत्येक वेळी भांडण, प्रत्येक वेळी मी खूश. चौथ्या रात्री त्यानं माझ्या तोंडात भात कोंबला.

त्या भांडणानंतर जिजानं माझं तोंड साफ केलं, आन् पोशा दिवसभर रानात राहिला. त्या रात्री जिजानं डोळा मिटला नाय. मीही टक्क जागी.

शिट्टी झाली. पोशा उठला. पण तो शिंक्याकडं आला नाय. तो मागल्या दारानं गोठ्यात गेला. जिजा दबकत मागं गेली. स्वयंपाकघराच्या कुडाच्या फटीतनं मला पण दिसत होतं. मोकळ्या गव्हाणीत हात ठेवून तो उभा होता. घमेलं उचललं, परत ठेवलं. मग आत आला आन् शिंक्याला हात घातला, तशी मी वाजले.

हे मी रोज बघत होते. पण मला फक्त वाजता येतं, सांगता येत नाय. आन् खरं सांगायचं तर मला वाजण्यातच मजा येत होती.

"कुठं गेला होता?" जिजा अंधारातनं म्हणाली.

पोशा दचकला. "लघवीला."

"गोठ्यात?"

त्यानं शिंक्यातला हात काढून घेतला.

"रोज आदी तिकडं जाता?"

"शिट्टी झाली की डोळा उघडतो," पोशा म्हणाला. "मग झोप नाय. उठतो, तिकडं जातो. तिथं काय नाय. कुणाला घालायचं नाय, पाणी दाखवायचं नाय. मग हे हात मोकळे राहतात जिजा. त्या मोकळ्या हाताचं मी करू काय? मग इकडं येतो."

जिजानं दिवा लावला नाय. चुलीतली राख बाजूला करून निखारा फुंकला, तांदळाची पेज गरम केली आन् वाटी त्याच्या हातात दिली. "बसून प्या. उभ्यानं चोरासारखं नको." ती पण शेजारी बसली. तो पेज प्याला आन् वाघ्याबद्दल बोलत राहिला. वर्षभरात पयल्यांदा. मी गप्प होते, कारण मला कुणी धक्का दिला नाय.

सकाळी गोदूबाई चहा गाळता गाळता म्हणाली, "धाकलूची जोडी इकडं आण. त्याचा गडी रात्री घोरतो, बैल वाळत चाललेत म्हणं."

"आये, रात्रीचं तुला ऐकू येत नाय ना?"

"तुमी दोघं बोलत असलात की येतं रं."

पोशा भडकला. वाघ्याच्या दावणीला दुसरं जनावर बांधायचं नाय, म्हणाला. चहाचा कप ठेवून निघून गेला. दोन रात्री तसाच गव्हाणीजवळ उभा राहिला. जिजा रोज उठली, रोज पेज दिली, एकदाही म्हणाली नाय की बैल आणा. तिसऱ्या दिवशी तो आपल्या आपण कुंभिवलीला गेला.

धाकलूशेट म्हणाला, "माझे बैल तुझ्या गोठ्यात? आन् रात्री त्यांची पेंड तूच खाल्लीस तर?"

"मग चैतात काट्यावर दिसंलच की, शेट."

बैल आले. शिट्टी झाली की पोशा उठायचा, पेंड कालवायचा, चारा घालायचा, बादली दाखवायचा, अंगावरनं हात फिरवायचा. तासभर तरी जायचा. परत आला की दमून पडायचा.

पण सवय एका दिवसात मोडत नाय, मित्रांनो. काही रात्री बैलांचं झाल्यावर पण तो शिंक्यापाशी यायचा. तेव्हा त्यानं एक नवीन केलं. माझ्या तोंडात बोळा घालायच्या ऐवजी त्यानं स्वतःच मला एकदा हळू वाजवलं. जिजा उठून बसली.

"भूक हाय का?"

"कळत नाय."

"मग थोडं बसा, कळंल."

बसायचे. कधी कळायचं की भूक नव्हती. कधी असायची, मग ताक नायतर अर्धी भाकर ताटात वाढून द्यायची. संध्याकाळचं अर्धपोटी जेवणं पण जिजानं बंद केलं. नाचणीची भाकर, शेवग्याची भाजी, वालाचं कालवण, पोटभर. म्हणाली, "संध्याकाळी लोकांना दाखवायला उपाशी आन् रात्री मांजर, हे माझ्या घरात चालणार नाय." माघात एकदा पाहुण्यांकडनं आलेल्या करंज्या त्यानं एका बैठकीत संपवल्या. जिजानं डबा बघितला, पोशाकडं बघितलं आन् डबा घासायला टाकला. दुसऱ्या रात्री त्यानं परत मला वाजवलं.

चैतात गिरणीत काटा झाला. जिजा बरोबर गेली होती, तिनंच घरी येऊन गोदूबाईला सांगितलं. धाकलूशेटनं काट्याला अठ्ठावनाचं वजन लावलं. पोशा चढला. दांडी जरा थरथरली आन् खाली बसली, उठलीच नाय, म्हंजे पोशा अठ्ठावनाच्या आत. पोत्यात शिवायचं म्हणणारा हमालच पुढं झाला आन् म्हणाला, "अजून एकदा चढ, मला खरं वाटत नाय." पोशा परत चढला.

जत्रेत जोडी पळाली. पयला नंबर आला नाय, दुसरा आला. पोशा त्या रात्री दोन वाजता उठला, बैलांना घातलं आन् जिजाला म्हणाला, "तू उठत होतीस म्हणून झालं." जिजा म्हणाली, "मग आता मला झोपू द्या." पण तिच्या आवाजात काय होतं ते मला कळलं. पितळेला आवाज कळतो.

या घरानं मला गळ्यात घातलं, विसरलं, परत घासलं आन् कामाला लावलं. त्यांचे उपकार माझ्यानं फिटायचे नायत. तुमच्या घरात कुणी रात्री उठून डबे उघडत आसंल तर मित्रांनो, माझ्यासारखं नुसतं वाजत सुटू नका. त्याला हसू नका. एक रात्र त्याच्याबरोबर उठा आन् तो आदी कुठं जातो ते बघा. आन् मला विचाराल तर...

थांबा. दारात कोण आलंय. धाकलूशेटची बायको हाय, सोनुबाई. एवढ्या लांबनं, हातात पिशवी.

"जिजा, तुझी ती घंटा दे गं थोडे दिवस. शेट रात्री उठून शेव खातात. डॉक्टरनं सांगितलंय वजन उतरवा, नायतर गुडघं बसतील. माझं ऐकत नायत."

"कशाला उठतात ते विचारलंत का?"

"विचारलं तर अंगावर येतात."

"मग विचारू नका वयनी. मागनं जा. घंटा नेता तर न्या, पण ती नुसती हाका मारायला हाय. पकडायला नाय."

जिजा शिंक्याची गाठ सोडतेय. नव्वद किलोचा माणूस हाय तो, काम मोठं हाय. पिशवी उघडली. चला, मला आता निघायला पाहिजे.