उलट्या हाताचा वायरमन

दीपाच्या नर्सिंगला ऑस्ट्रेलियात मान्यता मिळाली आणि तिच्या व्हिसाच्या अर्जात सोबती म्हणून नवऱ्याचं नाव लागलं, तेव्हापासून अश्वजितचे पाय ढाणकीच्या जमिनीला लागेनात. "आमी चाललो ऑस्ट्रेलियाले," तो पानठेल्यावर सांगे.

आमी म्हणे! ती दवाखान्यातून थकून येऊन इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करायची, नापास होऊन पुन्हा करायची, तेव्हा हाच माणूस कुशीवर वळून म्हणायचा, "कायले डोकं फोडून राह्यली? लाइट बंद कर."

त्याचे मामा पंजाबराव तोंडावर बोलले. "बायकोच्या पदराले धरून चालला भाचा! तिथं काय, भांडे घासशीन?"

"वायरमन आहो मी, मामा. आयटीआय केलेला. तिथं वायरमनले साहेबापेक्षा जास्त मान आहे."

मान होता, पण सोबत्याच्या व्हिसानं तो मिळत नव्हता. त्या व्हिसावर राहता येतं, काम करता येतं. विजेच्या तारेला हात लावायचा तर परवाना हवा. त्याची पहिली पायरी म्हणजे इथूनच, मोबाइलवर तोंडी परीक्षा. दीपानं अभ्यासाचे कागद छापून आणले. त्यानं त्यांवर चहाचा कप ठेवला. "जलमभर डीपीवर, पोलवर चढून राह्यलो. थे गोरे मले शिकवतीन?"

परीक्षेला तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. खाली लुंगीच होती. दीपा कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी भिंतीशी उभी राहिली. पडद्यावरची बाई सावकाश इंग्रजीत विचारत होती. बोर्ड उघडायच्या आधी काय कराल?

"मेन स्विच ऑफ, मॅडम."

मग?

"मग ओपन."

पण वीज खरंच गेली आहे, हे कसं कळेल?

अश्वजित हसला. असल्या बालवाडीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? त्यानं उजवा हात उलटा केला आणि हवेतल्या तारेला बोटांची पाठ लावून दाखवली. "लाइक धिस. नो प्रॉब्लेम."

बाईनं खाली पाहून काहीतरी लिहून घेतलं. दीपानं डोळे मिटून घेतले.

निकाल आला, नापास. मग आठवडाभर नेटवर्कचा दोष होता, इंग्रजीचा होता, सगळ्यात जास्त त्या बाईचा. "कधी पोलवर चढली का थे?" जेवताना त्यानं हे पुन्हा काढलं आणि दीपाचा पारा चढला.

"थे चढली का नाई मले माहीत नाई. पन मी सुई टोचाच्या आधी पेशंटचं नाव विचारतो, कागद पाहतो, पुन्हा नाव विचारतो. तुमी हात लावून पाहता! कोनी मागून स्विच टाकला असता तं?"

"आजवर काई झालं का मले?"

"म्हंजे मरत नाई तोवर पास, असं हाये का तुमचं? मी तं चालली. सोबत याचं असन तं या, नाई तं चौकात उलटा हात दाखवत बसा."

तो अर्ध्या ताटावरून उठून गेला. आपली उरलेली भाकर तिनं शांतपणे खाल्ली.

काही दिवस गेले. मग एका दुपारी ती ड्युटीवरून आली तर अश्वजित कागद पसरून जमिनीवर बसला होता. मान वर न करता म्हणाला, "हे आयसोलेशन म्हंजे तुमचं कोरोनावालं का दुसरं?"

"दुसरं, लाइन तोडून ठेवाचं. तुमी थेही पाळलं नव्हतं."

त्यानंतर ती रोज परीक्षेची बाई होऊन बसे आणि तिळभर दया दाखवत नसे. आधी मीटर चालू तारेवर तपासायचा, मग बंद केलेली तार, मग पुन्हा मीटर. एखादी पायरी चुकली की पहिल्यापासून. पुढच्या खेपेला तो पास झाला. हाताच्या कामाची परीक्षाही त्यानं पार केली आणि दोघं ऑस्ट्रेलियाला गेली.

तिथं त्याला कच्चा परवाना मिळाला. आधी कोणाच्या तरी देखरेखीखाली काम, मग पक्का. पंजाबरावांनी व्हिडिओ कॉल केला. "कोनाच्या हाताखाली हायेस बाप्पा?"

अश्वजितनं आवाज बारीक केला. "एका बाईच्या."

"अन् घरी?"

"घरीबी बाईच्याच."

मामा खोकला येईस्तोवर हसले. त्यांचं होईपर्यंत थांबून अश्वजित म्हणाला, "हसून घ्या. पन मेन बंद केला तरी मीटर लावल्याबिगर तारेले हात लावू नका. अडानी लोकाईचं काम आहे थे."

आतून दीपानं नाक मुरडलं. अडाणी लोक म्हणे!