मेमरीच्या खाचेतला कापूस

लाज वाटते, तरी सांगतो. पिंजाऱ्याच्या पोरीला लॅपटॉपमधलं काय कळणार, असं मी धरणगावच्या भर बाजारात बोललो होतो.

लॅपटॉप माझ्या मुलीचा, मयुरीचा. घरांचे नकाशे काढायला घेतलेला. ती नको नको म्हणत असताना चार हंगाम मीच तो जिनिंगच्या काट्यावर, कापसाच्या गाड्या मोजायच्या जागी, नेऊन वापरला. आता धुळ्याच्या एका इंजिनिअरनं तिच्याकडून नमुन्याचा नकाशा मागवला होता. आज संध्याकाळी पाचच्या आत पाठव, आवडला तर नोकरी. आणि मेमरी चारच जीबी. नकाशा अर्धा झाला की लॅपटॉप गपगार.

सकाळी जळगावला नेला. काचेच्या दुकानातल्या टायवाल्यानं आठ जीबीची नवी पट्टी लावली. पडदा काळा. ब्लोअरनं हवा मारली, परत लावली. काळाच. "बोर्ड गेला काका, नवीन घ्या," म्हणाला मेला, वर बघितलंसुद्धा नाही.

दोन वाजता मयुरीनं मला अय्युबभाई पिंजाऱ्यांच्या गादीच्या दुकानात ओढत नेलं. त्यांची मिसबाह तिथंच कोपऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करते.

"या भाऊ. तुम्हीच ना ते, बाजारात बोलणारे?"

मी खांद्यावरच्या पिशवीतून लॅपटॉप काढून पुढं केला.

तिनं मागचं झाकण काढलं, आधी बॅटरीची वायर सोडवली. पट्टीच्या रिकाम्या खाचेत टॉर्च मारला आणि हसलीच.

"आधी कुणी हवा मारली का?"

"जळगाववाल्यानं. दोन्हीकडून."

"झालं मग. हा उडून जाणारा कचरा नाही, कापूस आहे. हवा मारली की आत ठासून बसतो. लॅपटॉप कुठं ठेवायचात?"

"काट्यावर," मयुरीच बोलली. "आबांना किती सांगितलं!"

मिसबाहनं केरसुणीची एक काडी मोडली, टोक दातानं चावून खरखरीत केलं आणि सुकवलं. खाचेच्या एका टोकाला काडी नुसती टेकवली, दोन बोटांत हळूहळू फिरवायला लागली. सूत कातावं तसा कापूस काडीला गुंडाळत बाहेर यायला लागला. पट्टी बसायची सोन्याची पाती केसाएवढी बारीक, एक वाकलं तर खेळ खलास.

"उलटी मत घुमा," अय्युबभाई गादीला टाके घालता घालता म्हणाले. "रुई छोड देगी."

"मालूम है अब्बा. आप टाके देखो."

अर्धा तास. खाच साफ झाली, एक पातंही वाकलं नाही. नव्या पट्टीची टोकं खोडरबरनं घासली, तिरकी घालून दाबली. खट्‌ आवाज आला. बॅटरी जोडली, बटण दाबलं.

पडदा उजळला. जुनी चार, नवी आठ, बारा जीबी!

मयुरीनं तिथंच गादीवर मांडी घातली. नकाशा भराभर फिरायला लागला, एकदाही अडकला नाही. पाचला दहा कमी असताना ती ओरडली, "आबा, गेला! त्यांना पोचला!"

बाजारात बोललो होतो, म्हणून दुकानाच्या पायरीवर येऊन मोठ्यानं म्हणालो, "ऐका रे! जळगावच्या टायवाल्याला जमलं नाही, ते आपल्या मिसबाहनं केरसुणीच्या काडीनं केलं. मी मूर्खासारखं बोललो होतो."

"भाऊ, आत या, गिऱ्हाईक पळतील," मिसबाह म्हणाली. "आणि उद्या हा काट्यावर दिसला तर मी उघडणार नाही, सांगून ठेवते."

मी लॅपटॉपची पिशवी खांद्यावरून काढली आणि मयुरीच्या खांद्यावर अडकवली.

"हिचा आहे," मी म्हणालो.