छबूकाकूंचे फ्रेंच कागद

फ्रान्समधल्या दवाखान्यांची बिलं आणि विम्याचे कागद मी इंग्रजीत करते. घरी बसून, नगरच्या मुकुंदनगरात. शेजारच्या बायकांना वाटतं हुमेरा ऑनलाइन कपडे विकते. वाटू दे. बिलातल्या पेशंटने स्वतः भरायच्या वाट्याला तिकडे ‘तिकीट’ म्हणतात, हे कुणाकुणाला समजावत बसू? इंग्रजीत तिकीटच लिहिलं तर विमावाल्यांना वाटेल पेशंट रेल्वेने आला. रंगनाथकाका येईपर्यंत या कामाचं मला पोटापाण्यापलीकडे काही वाटत नव्हतं.

काका म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे, रुपालीचे वडील. कर्जतकडचे. रुपाली नवऱ्यासोबत फ्रान्सला गेली. तिचं बाळंतपण करायला छबूकाकू गेल्या आणि काका गाईंपायी मागे राहिले. बाळ बारशाचं झालं नाही तोच काकू तिकडे स्वयंपाकघरात कोसळल्या. मेंदूत गुठळी. रुपालीचं फ्रेंच भाजी आणण्यापुरतं, म्हणून तिने काकांना माझ्याकडे धाडलं आणि तिथल्या डॉक्टरबाईंना माझ्या फोनवर जोडून दिलं.

बाईंनी विचारलं, आधी असं कधी झालं होतं का? मी ते मराठीत काकांना विचारलं.

"दोन वर्षांमागं उजवा हात लुळा पडला हुता," काका म्हणाले. "दिसभर. आमच्या डाक्टरनं गोळ्या दिल्या, बरी झाली. डाक्टरपासून कशाला लपवायचं?"

मी शब्दही न गाळता फ्रेंचमध्ये सांगितलं. बाई म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत, औषध ठरवायला उपयोग होईल. काकांना इतकं बरं वाटलं की अम्मीने केलेला चहा त्यांनी मागून घेतला.

काकू वाचल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. आता त्यांना झोपवून, सोबत नर्स देऊन विमानाने आणायचं होतं. तो खर्च प्रवासाच्या विम्यातूनच निघणार होता, नाहीतर गाई-जमीन सगळं विकूनही निघाला नसता. कंपनीला सगळे कागद इंग्रजीत हवे होते, माझ्या सही-शिक्क्यासह.

दवाखान्याच्या कागदांत तिसऱ्या पानावर ‘पूर्वीचे आजार’ या मथळ्याखाली काकांचंच बोलणं होतं. पतीच्या सांगण्यानुसार, दोन वर्षांपूर्वी, उजवा हात. माझ्याच तोंडून गेलेलं. आणि विमा काढताना एजंटाने काकूंना न विचारता ‘आधीचा आजार नाही’ अशी खूण करून टाकलेली. तो मेला आता फोन उचलत नव्हता.

या एका ओळीवर काकूंचं येणं अडेल, हे मी काकांना स्पष्ट सांगितलं.

"तेवढी ओळ सोड की पोरी. कोन बघतंय?"

"काका, मूळ फ्रेंच कागदही सोबत जातो."

"त्यास्नी कुठं फ्रेंच येतंय? येत असतं तर तुझ्याकडं कशाला पाठवलं असतं?"

कंपनीचा, एजंटाचा, अगदी खरं बोलून बसलेल्या काकांचाही मला इतका संताप आला होता की मी ती ओळ सोडली. शिक्का मारला आणि पाठवून दिलं.

आठवड्याच्या आत मेल आला. तिसऱ्या पानावरील एक ओळ भाषांतरात राहिलेली दिसते, कृपया पूर्ण करावी. कृपया म्हणे. त्यांनी मूळ कागद कॉम्प्युटरकडून वाचून घेतला होता. मी ओळ घातली. दावा नामंजूर झाला. माझ्या शिक्क्यावरही शेरा मारला, तो गेला चुलीत.

काका पुन्हा आले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

"मी सांगितलंच नसतं तर आली असती का गं?"

"सांगितलंत म्हणून तर काकू जगल्या," मी म्हणाले. हे खरं की खोटं, मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

मग म्हणाले, "तिला आता गावाभाईर कुठल्या आश्रमात ठिवनार हायेत. रुपालीला लेकरामुळं रोज जानं व्हत न्हाई. ही पानी मागती आन् त्या बाया खिडकी उघडत्यात. मी फोनवर बघतो ना. तू फ्रेंचमदी लिहून दे, भिंतीला लावतील."

मी लॅपटॉप उघडला. मराठीतून फ्रेंचमध्ये काही लिहून द्या, असं मला आजवर कुणी म्हणालंच नव्हतं. काका सांगत गेले, मी लिहीत गेले. ‘पानी’ म्हणजे तहान लागली. ‘चूळ’ म्हणजे तोंड धुवायचंय. ‘कड’ म्हणजे कुशीवर वळवा, पण भिंतीकडे तोंड करून नको, तिला कोंडल्यासारखं होतं. ‘गार’ म्हणजे पांघरूण पायांवर घाला, अंगावर नाही. माझे डोळे भरून यायला लागले आणि मला स्वतःचा राग आला.

"अजून काय म्हणतात काकू?"

"‘घरी’ म्हनती. लई येळा."

मी ‘घरी’ टाइप केलं आणि पुढे त्याचं फ्रेंच लिहायला घेतलं.

"ते नको लिहू," काका म्हणाले. "ते कळून त्या बायांनी काय करायचं?"