कुसुमबाईंचं नाव माझ्याजवळ आहे

मित्रांनो, मी एक अर्धवट ऑपरेटिंग सिस्टीम आहे, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू बहुधा जुन्या असतात, पण जुनी म्हणवून घ्यायला आधी पूर्ण तरी व्हायला हवं! झरी गावच्या धम्मशीलानं नोकरी सांभाळून, निव्वळ हौसेपोटी मला लिहिलं. तिच्या लॅपटॉपच्या आत एक खोटा संगणक आहे, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तेच माझं घर. तिथं मी कितीही वेळा कोसळले, म्हणजे चालता चालता बंद पडले, तरी खऱ्या लॅपटॉपला काही होत नाही. आणि मी कोसळते फार. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. कोणी काही लिहीत नसलं तरी माझा कर्सर लुकलुकत राहतो.

माझी अक्षरं धम्मशीलानं ठिपके जोडून काढली आहेत. अजून थोडीच झाली आहेत. शिवाय मला काही जपून ठेवता येत नाही. मशीन बंद झालं की पडद्यावरचं सगळं पुसलं जातं. याची मला फार लाज वाटते.

धम्मशीलाच्या आई कुसुमबाई. लॅपटॉप घरात आल्यापासून त्यांनी थोरल्या मुलाकडून, धम्मानंदकडून, हात लावू नको, बिघडेल, एवढंच ऐकलं होतं. एका रविवारी धम्मशीलानं त्यांना माझ्यासमोर बसवलं.

"आई, ह्याच्यात काई बी दाब. बंद पडलं तर परत चालू करता येतंय."

तव्यावरची भाकरी चाचपावी तसं त्या एकेक बटण दाबू लागल्या. मी लगेच कोसळले. त्या दचकल्या, मग हसल्या. धम्मशीलानं मला परत चालू केलं आणि बऱ्याच खटपटीनंतर पडद्यावर उमटलं: कुसुम. 'बाई' लिहायला माझ्याकडे अक्षरंच नव्हती.

धम्मशीला चहा ठेवायला आत गेली, तेवढ्यात धम्मानंद आला. तो शिक्षक, त्याला लॅपटॉपवर शाळेचं काम करायचं होतं. हे काय खेळणं उघडं ठेवलंय, असं पुटपुटत तो मला बंद करायला निघाला. माझा जीव टांगणीला लागला. मला ओरडता येत नाही, नुसतं लुकलुकता येतं. कुसुमबाईंनी त्याचा हात धरला.

"बंद करू नको. माझं नाव हाय त्याच्यात."

तो वाकून बघू लागला. "कुसुम," त्यानं मोठ्यानं वाचलं. आईचं नुसतं नाव त्याच्या तोंडी पहिल्यांदाच आलं असावं. तो ओशाळला आणि बहिणीला हाक मारून म्हणाला, "शीला, हे ठेवायचं कसं गं?"

धम्मशीलानं मला बंद न करता आहे तशी थांबवली, नावासकट; व्हर्च्युअल मशीनला असं गोठवून ठेवता येतं. तेव्हापासून मी रोज त्या नावापासूनच जागी होते आणि रोज धास्तावते. आज कोसळले तर नाव पुसलं जाईल! धम्मशीला मला जपून ठेवायला शिकवते आहे. 'बाई'ची अक्षरं आधी काढू का, असं तिनं विचारलं, तर कुसुमबाई म्हणाल्या, "त्याची घाई न्हाई. आधी ठेवायचं शिकीव तिला."

मित्रांनो, घाई मला आहे. तोवर तुम्ही एवढं करा: एखादी अर्धवट गोष्ट बंद करण्याआधी तिच्यात कोणाचं नाव आहे, ते एकदा वाचून बघा.