शिवणखोलीची खिडकी

मी एक जुनी लाकडी खिडकी आहे. मला घडवताना सुतार म्हणाला होता, "ही नुसती शोभेला नाही हं, वारा आत घ्यायला आहे." एका शिंप्याच्या खोलीत मला बसवलं. माझ्या उजेडात मास्तर कापड बेतत आणि काजं करणाऱ्या मावशी माझ्याच खाली बसत. पण वाऱ्याने बेताचे कागद उडू लागले, तशी मास्तरांनी माझी कडी लावून टाकली. ती तशीच गंजली. मित्रांनो, खिडकीची तक्रार कोण ऐकणार?

मावशींना दमा होता आणि दिसतही कमी होतं. मास्तरांची सून दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून त्यांना सुई ओवून देई. एके सकाळी तिचा आवाज घोगरा आला.

"घसा धरलाय का गं पोरी?"

"थोडा खवखवतोय, मावशी. होईल बरा."

दुपारी तिला शिंका आणि खोकला सुरू झाला. तोंडावर धरलेल्या हातानेच ती पुन्हा दोरा ओवायला बसली.

असा आजार पसरवणारा विषाणू डोळ्यांना दिसत नाही. खोकताना, शिंकताना, अगदी बोलतानाही तोंडातून बारीक थेंब उडतात. मोठे थेंब जवळच पडतात, अगदी लहान हवेत तरंगत राहतात. मी उघडी असते तर बरेचसे वाऱ्याबरोबर बाहेर गेले असते. माझी कडी लागलेली, म्हणून तिघं तीच हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहिले.

काही दिवसांत मास्तरांनाही कसकस वाटू लागली, अंग दुखू लागलं, कोरडा खोकला सुटेना. तरी ते इस्त्रीला उभे राहिले.

"मामंजी, कॉलर जळतेय. वास नाही का येत?"

मास्तरांनी इस्त्री बाजूला केली, कापड नाकाशी धरलं. कसलाच वास नाही; या आजारात वासही जातो. त्यांनी मावशींच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. आदल्या दिवशी धाप लागली म्हणून मावशींना दवाखान्यात नेलं होतं, ऑक्सिजन लावला होता.

"माझ्यामुळे झालं," सून पुटपुटली.

"कुणामुळे ते कसं कळणार? कडी तर मी लावली होती."

त्यांनी ठोकून ठोकून माझी कडी सोडवली. मग काम बंद ठेवून दोघं बरी होईपर्यंत घरीच राहिली.

त्या काळात माझ्या खालचं स्टूल रिकामंच होतं. ते पाहवत नसे.

देवाच्या दयेने मावशी परतल्या. जिन्यात दमल्या, पण आल्या. सुनेने हात धुतले, दोऱ्याचं टोक कात्रीने तिरकं कापलं आणि कोरडंच ओवलं.

"ओठांची जादू सोडलीस वाटतं?"

"सोडली. तुम्ही एवढ्या आजारी पडलात, तेवढं पुरे."

बेताच्या कागदांवर मास्तरांनी जुनी जड कात्री ठेवली. एवढंच करायला हवं होतं.

मित्रांनो, ताप-खोकला असेल तर घरी थांबा, खोकताना कोपराच्या आड खोका, हात धूत राहा. माझ्या कडीला आता तेल मिळतं. तुमच्या खोलीतही माझी एखादी बहीण असेल. तिची कडी एकदा हलवून बघा.